रोबोच्या आत कोण?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन टोकांची मापं रस्त्यावर उतरतात. गल्लीबोळांत पोरं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीने ओढत दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. हा तान्हा पोळा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या काळात तो सुरू झाला असं मानतात. त्याच दिवशी शहराच्या जुन्या भागातून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची प्रथा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. कामट्या, कागद आणि रंग यांच्या या अजस्र बाया गर्दीच्या डोक्यांवरून डुलत येतात आणि नेहरू पुतळ्यापाशी त्यांची गाठ पडते. मागून बडगे येतात, म्हणजे त्या वर्षी लोकांच्या डोळ्यांत जे जे सलत असेल त्याचे पुतळे. मिरवणूक संपली की सगळ्यांना नेऊन जाळतात.

काळ्या मारबतीची गोष्ट चांगलीच कडू आहे. भोसले घराण्यातल्या बकाबाईने इंग्रजांशी हातमिळवणी केली, तिच्या निषेधाचा हा पुतळा, असं सांगतात. रोगराई, ईडापीडा सगळी तिच्या पदरात टाकायची आणि तिला हाकलून द्यायचं. म्हणजे देह मोठा, डोळे मोठे, लौकिक वाईट. तरी तिला भितं कोण? बापाच्या खांद्यावर बसलेलं तीन वर्षांचं पोरसुद्धा तिला पाहून ओरडतं ते मजेने. कारण उघड आहे. तिला ढकलणारी, सावरणारी, घामाघूम झालेली माणसं सगळ्यांना दिसत असतात. मारबतीला स्वतःचं काही करायचं नसतं. तिची उंची लोकांना बघायला लावते, घाबरवत नाही.

विज्ञानपटात धडकी भरवणारा रोबो उभा करणाऱ्या दिग्दर्शकाकडेही फार वेगळं सामान नसतं. रबर, फायबर, रंग आणि बहुधा आत एक घामाघूम माणूस. त्याला फक्त एवढंच साधायचं असतं की आतला माणूस आणि ढकलणारे हात प्रेक्षकाने विसरावेत, आणि हा देह आपल्या मर्जीने चालतोय असं त्याला वाटावं. त्यासाठी दोन साधनं असतात. एक माप आणि दुसरं त्या मापात कोणाला उभं करायचं ती निवड. लोक तारीफ करतात ती पहिल्याची. माझ्या मते काम बहुतेक वेळा दुसरं करतं.

१९५१ च्या ‘द डे द अर्थ स्टुड स्टिल’ या चित्रपटात वॉशिंग्टनच्या मैदानावर एक यान उतरतं आणि त्यातून गॉर्ट नावाचा चंदेरी यंत्रमानव बाहेर येतो. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजला भिंतीसारखा उंच माणूस हवा होता. तो सापडला हॉलिवुडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरच्या दाराशी. लॉक मार्टिन तिथे दारवान होता, उंची साडेसात फुटांच्या आसपास. नट म्हणून त्याच्या नावावर काही खास नव्हतं. दारातून आत जाणाऱ्या प्रेक्षकांना मान वर करून बघायला लावणं हेच त्याचं काम होतं. गॉर्टला तेवढंच करायचं होतं.

अडचण पुढे आली. मार्टिन उंच होता, पण अंगात ताकद बेताची. रबरी पोशाखात अर्ध्या तासाच्या वर त्याला उभं राहवत नसे. कथेत गॉर्ट नायिकेला, म्हणजे पॅट्रिशिया नीलला, उचलून यानात नेतो. मार्टिनला ती उचलेना. मग तारा बांधून तिचं वजन वरच्यावर झेलावं लागलं. पोशाखही दोन शिवले होते. एकाची चेन पुढे, दुसऱ्याची मागे. कॅमेरा समोर असेल तर मागच्या चेनचा पोशाख चढवायचा, पाठमोरा असेल तर पुढच्या. पडद्यावर गॉर्टच्या अंगावर एकही शिवण दिसत नाही. प्रेक्षकाला वाटतं की हा ओतीव धातूच आहे.

आता गॉर्ट चित्रपटात करतो काय ते बघा. उभा राहतो. बराच वेळ नुसता उभा राहतो. मग डोळ्यांवरची झडप सावकाश वर जाते, आत प्रकाश हलतो आणि समोरचा रणगाडा वितळतो. हातापायांची धावपळ नाही, आरडाओरडा नाही. त्या दारवानाला पळता आलं असतं, धक्काबुक्की करता आली असती, तर कदाचित वाइजने त्याला ती करायला लावली असती आणि मग गॉर्ट एक आडदांड पहिलवान होऊन बसला असता. २००८ मध्ये हा चित्रपट पुन्हा निघाला तेव्हा गॉर्ट संगणकावर घडवला आणि त्याची उंची कित्येक पटींनी वाढवली. तो मोठा दिसतो. त्यापलीकडे त्याच्याबद्दल फार आठवत नाही.

उंची वाढवली की भीती त्याच पटीत वाढते, हा हिशेब निसर्गालाही मान्य नाही. जे. बी. एस. हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्राण्यांच्या योग्य आकारावर एक गाजलेला निबंध लिहिला. (हाल्डेन पुढे भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.) त्याने गोष्टीतल्या साठ फुटी राक्षसाचा हिशेब मांडला. माणूस दहापट उंच केला की तो दहापट रुंद आणि दहापट जाडही होतो, म्हणजे वजन हजार पट. हाडाची ताकद मात्र त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते वाढतं फक्त शंभर पट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. असला राक्षस पहिलं पाऊल टाकतानाच मांडी मोडून घेईल. पोलादाचा केला तरी हा नियम सुटत नाही, फक्त थोडा पुढे ढकलला जातो.

प्रेक्षकाला हे गणित येत नसतं, पण त्याच्या डोळ्यांना ते कळतं. आखूड दोरीचा झोका भराभर हलतो, वडाला बांधलेला लांब दोरीचा झोका सावकाश जातो. पायाचंही तसंच. लांबी चौपट झाली की हेलकाव्याला दुप्पट वेळ लागतो, पंचवीसपट झाली की पाचपट. म्हणून पडद्यावरची वस्तू केवढी आहे हे आपण तिच्या शेजारच्या इमारतीवरून जेवढं ठरवतो, तेवढंच तिच्या चालीवरूनही ठरवतो. १९५४ च्या जपानी ‘गोजिरा’मध्ये प्राणी ५० मीटर उंच दाखवायचा होता आणि आत होता हारुओ नाकाजिमा नावाचा नट, जड रबरी पोशाखात, पंचविसाव्या हिश्शाच्या छोट्या शहरात. त्याची चाल खरी वाटायला हवी तर चित्रण नेहमीच्या २४ चौकटींऐवजी हिशेबाने सेकंदाला १२० चौकटींपर्यंत न्यावं लागतं. मग नेहमीच्या वेगाने दाखवताना तो पाचपट मंद होतो. एवढा वेग दर वेळी परवडत नाही, पण छोटी प्रतिकृती जलद चित्रित करायची हा दंडक आजवर टिकून आहे. संगणकावरचे कितीतरी महाकाय रोबो खोटे वाटतात ते याच एका चुकीमुळे. शंभर फुटांचं धूड मुष्टियोद्ध्याच्या चपळाईने वळतं आणि आपला डोळा लगेच म्हणतो, खेळणं आहे.

मापाचा उलटा उपयोग कसा करावा हे १९८७ च्या ‘रोबोकॉप’मध्ये पॉल व्हरहोव्हेनने दाखवलं. त्यात इडी-२०९ नावाचं अगडबंब यंत्र आहे, दोन पायांवर चालणारं, हातांच्या जागी तोफा. पहिल्याच दृश्यात ते कंपनीच्या बैठकीत एका तरुण अधिकाऱ्याची चाळण करतं. त्याने पिस्तूल खाली टाकलं तरी यंत्राला ते कळत नाही. तिथे ते भयानक आहे. पुढे त्याला जिना उतरायची वेळ येते. पाऊल पायरीपेक्षा मोठं. ते चाचपडतं, कोसळतं आणि उताणं पडून पाय झाडत राहतं. सगळं थिएटर हसतं. एकाच यंत्राची भीती आणि फजिती दोन्ही त्याच्या आकारातूनच काढली आहे. फिल टिपेटने ते दृश्य प्रतिकृती एकेक चौकट हलवून केलं होतं, आणि आजच्या कुठल्याही संगणकी धुडापेक्षा त्या पडण्याला जास्त वजन आहे.

त्याच चित्रपटातल्या नायकाचा पोशाख कोणाच्या अंगावर चढवायचा, हा प्रश्न वेगळ्या दिशेने सुटला. आधीच धिप्पाड असलेल्या नटावर तो थर चढवला तर माणूस फुगलेला दिसला असता. म्हणून सडपातळ, लांब जबड्याचा पीटर वेलर निवडला गेला. चालायचं कसं ते त्याने मूकाभिनय शिकवणाऱ्या मोनी याकीमकडून शिकून घेतलं. रोबो मोठा हवा असेल तर आतला माणूस बारीक हवा, हे शिवणकामाचं साधं तत्त्व आहे. १९५६ च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला सात फुटी रॉबी आतून चालवत होता फ्रँकी डॅरो, आणि तो चांगलाच ठेंगणा होता.

आतल्या माणसाची दशा फार कोणी विचारत नाही. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) यंत्रस्त्रीच्या पोशाखात ब्रिगिट हेल्म होती, वय विशीच्या आतबाहेर, पहिलाच चित्रपट. वॉल्टर शुल्झ-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने तिच्या शरीराचा साचा घेऊन तो पोशाख घडवला आणि तरीही तो तिला टोचत, कापत राहिला. त्या पोशाखात आणखी कोणालाही उभं करता आलं असतं, चेहरा तर दिसतच नव्हता. लांगने केलं नाही. पुढे तीच यंत्रस्त्री मारियाचं रूप घेते तेव्हा एक पापणी अर्धवट मिटून, खांदा तिरका करून हेल्म जी चाल चालते, तिच्यामुळे तो धातूचा पुतळासुद्धा आधीपासून तिचाच वाटतो.

कोणाच्या देहात कुठलं पात्र घालायचं, ही विद्या मराठी माणसाला हॉलिवुडकडून शिकावी लागली नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यानंतरच्या पौराणिक नाटक मंडळ्यांत पात्रांच्या टोळ्याच असत: देवपार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी. राक्षसपार्टीत भरती व्हायचं तर देह आणि घसा दोन्ही दणकट लागत. तोंड रंगवलेलं, आरोळी आधी आणि पात्र मागाहून. बाबुराव पेंटरांनी १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला तेव्हा भीमासाठी बाळासाहेब यादव आणि कीचकासाठी झुंझारराव पवार असे भक्कम देहाचे गडी घेतले. भीमाने कीचकाचं मुंडकं उडवण्याचं दृश्य इतकं खरं उतरलं की थिएटरात किंकाळ्या पडल्या आणि ते पुढे कापावं लागलं. म्हणजे मोठा देह घ्या, त्याला अंगभर राग द्या, ही राक्षसपार्टीची रीत. यंत्रमानवाला ती लागू होत नाही. त्याला राग नसतो. रागच काढून घेतला तर मोठ्या देहाचं करायचं काय?

जेम्स कॅमेरॉनने आधी याचं उत्तर दिलं होतं, मोठा देह नकोच. ‘द टर्मिनेटर’साठी त्याच्या डोक्यात लान्स हेन्रिक्सन होता, हडकुळा, खोल डोळ्यांचा. कल्पना तर्काला धरून होती. भविष्यातून आलेलं हे यंत्र माणसांत मिसळून माणसं मारणार, तेव्हा ते गर्दीत हरवणारं हवं. पैसे लावणाऱ्यांना पटवायला कॅमेरॉनने हेन्रिक्सनला टर्मिनेटरच्या वेषात निर्मात्याच्या कचेरीत आधी पाठवलं. चामड्याचं जॅकेट, दातांवर सोनेरी वर्ख आणि दार लाथेने उघडून एन्ट्री. कचेरीची पाचावर धारण बसली. कॅमेरॉन मागाहून आला.

मग आर्नॉल्ड श्वार्झनेगर आला, आणि तोही नायकाच्या, काइल रीसच्या, भूमिकेसाठी. सात वेळा मिस्टर ऑलिम्पिया झालेला हा माणूस जेवणाच्या टेबलावर नायकाबद्दल कमी आणि त्या यंत्राबद्दलच जास्त बोलत बसला. यंत्राने बंदूक भरताना हाताकडे बघायचं नाही. गोळी झाडताना पापणी लवायला नको. कॅमेरॉनने निर्णय बदलला आणि त्याबरोबर कथेचा तर्क सोडून दिला. असला देह लपणार कुठे? लॉस एंजेलिसच्या गर्दीत तो चार चौकांवरून ओळखू येतो. पण १९८४ मध्ये थिएटरात बसलेल्या कोणालाही हा प्रश्न पडला नाही. लपण्याची भीती गेली आणि तिच्या जागी न थांबण्याची आली.

श्वार्झनेगरची उंची सहा फूट दोन इंच. पडद्यावर तो त्याहून बराच मोठा वाटतो, आणि त्याचं श्रेय छातीला जितकं आहे तितकंच मानेला. आधी डोळे वळतात, मग डोकं, मग खांदे, जणू तोफेचा बुरूज फिरतोय. संवाद जेमतेम सतरा-अठरा वाक्यांचे. उच्चार ऑस्ट्रियन, इंग्रजी शब्द तोंडात पुरते न बसलेले. दुसऱ्या कुठल्याही नायकाच्या भूमिकेत जे वैगुण्य ठरलं असतं ते इथे यंत्राची जात दाखवायला कामी आलं. राग काढून टाकल्यावर मोठ्या देहाचं काय करायचं, तर त्याला काहीही वाटू द्यायचं नाही. एवढा देह आणि आत कोणी नाही, ही खरी दहशत होती.

सात वर्षांनी, १९९१ मध्ये, दुसरा भाग आला आणि आर्नॉल्ड आता चांगल्या बाजूला होता. त्याच्यासमोर उभा करायला आणखी मोठा देह आणणं हा सोपा रस्ता होता. कॅमेरॉन सात वर्षांपूर्वी टाकून दिलेल्या कल्पनेकडे वळला आणि रॉबर्ट पॅट्रिकला घेतलं. पॅट्रिक सहा फुटांचा आहे, म्हणजे आर्नॉल्डपेक्षा जेमतेम दोन इंच कमी, पण आठवून बघा, तुमच्या डोक्यात तो किरकोळच असणार. त्याने धावायचा सराव केला तो तोंड मिटून, फक्त नाकाने श्वास घेत. मोटारसायकलमागे जीव तोडून पळणाऱ्या माणसाची छाती भात्यासारखी चालते. याची चालत नाही. अंगावर पोलिसाचा गणवेश आहे, बोलणं सभ्य आहे. त्याचा देह वितळतो, पुन्हा जुळतो, ते संगणकाचं काम गाजलं आणि गाजायलाच हवं होतं. मला मात्र त्या वितळण्याहून त्याच्या मिटलेल्या ओठांची भीती जास्त वाटते.

देह मोठा असो की लहान, त्याच्यासोबत प्रेक्षकाची आठवणही पडद्यावर येते. मायकल क्रायटनने १९७३ च्या ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये ती हातचलाखीने वापरली. करमणुकीच्या बागेत पाहुण्यांकडून गोळ्या खाऊन पडायला ठेवलेला एक बंदूकबाज रोबो बिघडतो आणि पाहुण्यांच्याच मागे लागतो. त्यासाठी युल ब्रिनर घेतला आणि त्याला १९६० च्या ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मधल्या त्याच्याच वेषासारखा काळा पोशाख चढवला. त्या चित्रपटात ब्रिनर गावाला वाचवणारा होता. तोच वेष, तीच चाल, आत कोणी नाही. ब्रिनर पाच फूट आठ इंचांच्या आसपास. त्याला हुकूम सोडणारा क्रायटन स्वतः सहा फूट नऊ इंच. सेटवरचा सर्वांत धडकी भरवणारा देह कॅमेऱ्यामागे उभा होता आणि त्याने तो वापरायचा मोह केला नाही.

आपल्याकडे याला तोडीस तोड उदाहरण एकच, आणि तो माणूस घरचा आहे. शिवाजीराव गायकवाड. बेंगळुरूच्या मराठी कुटुंबातला, जन्म १२ डिसेंबर १९५०, बसमधला कंडक्टर, पुढचा रजनीकांत. २०१० मध्ये दिग्दर्शक शंकरने ‘एंदिरन’ काढला. नागपुरात आपण तो हिंदीतून ‘रोबोट’ म्हणून पाहिला. त्यात रजनीकांत दोन आहेत: डॉ. वसीगरन आणि त्याने घडवलेला चिट्टी. हा चित्रपट आधी कमल हासनला घेऊन व्हायचा होता, मग शाहरुख खानचं नाव आलं, आणि बरीच वर्षं गेल्यावर रजनीकांतकडे आला. तेव्हा त्याचं वय साठीला टेकलेलं. उंची मध्यम, बांधा मध्यम. आर्नॉल्डच्या मापाने बघाल तर ही निवड कोणी केलीच नसती. यंत्राच्या अंगाची कामं करायला स्टॅन विन्स्टनच्या कार्यशाळेतली मंडळी होती, म्हणजे टर्मिनेटरचा पोलादी सांगाडा जिथे घडला तिथली.

पहिला अर्धा भाग चिट्टी गोड आहे. मग डॅनी डेन्झोंग्पाचा डॉ. बोहरा त्याच्यात विनाशाची लाल चिप बसवतो आणि केसांत पांढरी बट असलेला दुसरा चिट्टी बाहेर येतो. उत्तरेतल्या तरुण प्रेक्षकांना हा बदल नवा वाटला असेल. तमिळ प्रेक्षकाला नव्हता. रजनीकांतने सुरुवातच वाईट माणसांपासून केली होती. १९७६ चा ‘मूंद्रु मुडिचु’, १९७७ चे ‘अवर्गळ’ आणि ‘१६ वयदिनिले’, यांत तो छळणारा, लोचट, निर्दय होता. देवपण मागाहून आलं. चिट्टी बिघडतो तेव्हा जुना रजनी परत येतो, आणि तीस वर्षं ज्याला ओवाळलं त्या चेहऱ्यावर ते जुनं हसू बघताना थिएटर घाबरतंही आणि शिट्ट्याही मारतं.

त्यातलं एक दृश्य या प्रकरणात सांगायलाच हवं. चिट्टीने स्वतःसारख्या प्रतींची फौज उभी केली आहे आणि तिच्यात त्याचा निर्माता रोबो बनून घुसला आहे. रांगेत सगळे चेहरे सारखे. चिट्टी एकेकाच्या पुढून चालत जातो, कळपात एक काळं मेंढरू आहे हे त्याला कळलेलं आहे, आणि तो मेंढीसारखा आवाज काढतो. बें. एवढंच. ना तोफ, ना आकार. एक मध्यम उंचीचा, साठीचा माणूस मेंढीची नक्कल करतो आणि अंगावर काटा येतो. त्यानंतरच्या भागात त्याच प्रती एकमेकांना चिकटून चेंडू, साप, मग प्रचंड मनुष्याकृती बनतात, हेलिकॉप्टरं खातात, रस्ते उखडतात. मेहनत अफाट आहे आणि बघायला मजाही येते. पण भीती त्या ‘बें’पाशीच संपलेली असते. पुढे मारबतीची मिरवणूक आहे.

लहान देहाला दचकवायचं काम जास्त अवघड असतं असं वाटेल. रिडली स्कॉटच्या ‘एलियन’मध्ये (१९७९) दोन्ही टोकं आहेत. परग्रहावरच्या प्राण्याच्या पोशाखात बोलाजी बडेजो होता, लंडनमध्ये राहणारा, जवळजवळ सात फुटांचा, काटकुळा नायजेरियन तरुण. आणि यानावरचा शास्त्र अधिकारी अ‍ॅश, जो यंत्र आहे हे कोणालाच माहीत नाही, तो होता इयान होम, साडेपाच फुटांच्या आसपास, नीट विंचरलेला, हळू बोलणारा. कारखान्यातल्या कुठल्याही खात्यात असा माणूस बसलेला असतो. त्याचं डोकं धडापासून सुटतं आणि पांढरं दूध उडतं, तो धक्का त्या सात फुटी प्राण्याने दिलेल्या कुठल्याही धक्क्याहून मोठा आहे. गंमत म्हणजे १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये कॅमेरॉनने यंत्रमानव बिशपची भूमिका दिली ती त्याच लान्स हेन्रिक्सनला. बिशप सज्जन आहे, पण अ‍ॅश आठवत असल्यामुळे प्रेक्षक शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवत नाही.

मराठीत या बाजूला तात्या विंचू आहे. तो यंत्रमानव नाही, गुंडाचा आत्मा शिरलेला बाहुला आहे, हे मान्य. बनवणाऱ्यांच्या अडचणी मात्र त्याच होत्या. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’साठी (१९९३) बाहुला घडवला रामदास पाध्यांनी. त्यांचे वडील य. के. पाध्ये म्हणजे अर्धवटरावांचे जनक, तेव्हा लाकडाच्या तोंडात शब्द घालणं हा त्यांचा घरचाच धंदा. प्रश्न असा की हातभर उंचीचा बाहुला मोठ्या माणसाला काय करणार? लक्ष्मीकांत बेर्डेंनी एक लाथ घातली तर तो खोलीच्या कोपऱ्यात जाऊन पडेल. कोठारेंनी ती लाथ विनोदासाठी मोकळी ठेवली आणि भीतीसाठी निवड वेगळीच केली. गुंड तात्या आणि बाहुल्याचा आवाज, दोन्ही दिलीप प्रभावळकर. ज्यांनी दूरदर्शनवर चिमणराव केला, तो भित्रा, सोवळा, घरोघरचा चिमणराव. तोच घसा खरवडून त्यांनी तात्या काढला. धिप्पाड खलनायक घेतला असता तर बाहुल्याच्या आत तो मावला नसता. प्रभावळकरांचा किरकोळ देह आणि चिरका आवाज त्या बाहुल्यात कुठेही शिवण न दिसता बसला. आज तिशी-चाळिशीतली कितीतरी मराठी माणसं रात्री फडताळावरची बाहुली भिंतीकडे वळवून झोपणारी पोरं होती, आणि त्याला कारण हे दोन पाध्ये-प्रभावळकर.

२०२२ च्या ‘मेगन’मध्ये चार फुटी बाहुली-रोबो एका कॉरिडॉरमध्ये खून करायच्या आधी नाचते. चालणं-नाचणं अ‍ॅमी डोनाल्ड या लहान मुलीचं, आवाज जेना डेव्हिसचा. जगभर तो नाच उचलला गेला. मुलीच्या अंगाची लवचीकता आणि हेतूची मोठ्या माणसासारखी थंडाई, दोन्ही एका देहात बसत नाहीत म्हणून ती लक्षात राहते. जपानी रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरीने १९७० मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्र माणसासारखं होत गेलं की आधी आवडत जातं, पण अगदी जवळ आल्यावर एकदम नकोसं होतं. देह मोठा करणं म्हणजे त्या नकोशा जागेपासून दूर पळणं. कुब्रिकने तर १९६८ मध्ये देहच काढून टाकला. त्याच्या चित्रपटातला हॅल नावाचा संगणक म्हणजे भिंतीतला एक लाल डोळा आणि कॅनडातला नट डग्लस रेन याचा मऊ, कधीही न चढणारा आवाज.

‘एंदिरन’चा पुढचा भाग ‘२.०’ नोव्हेंबर २०१८ मध्ये आला आणि शंकरने मापाचा प्रश्न टोकाला नेला. या वेळी खलनायक अक्षय कुमार, पक्ष्यांसाठी जीव टाकणारा पक्षीराजन. मेल्यावर तो शहरातले सगळे मोबाइल ओढून घेतो आणि त्यांचा एक अवाढव्य पक्षी होतो. या भूमिकेसाठी आधी खुद्द श्वार्झनेगरशी बोलणी झाली होती. तो आला असता तर टर्मिनेटर आणि चिट्टी समोरासमोर आले असते, आणि कोणता देह कोणाला भारी पडतो ते कळलं असतं. शेवटी मैदानात धूड विरुद्ध धूड अशी मारामारी होते, पत्रे फाटतात, खांब मोडतात, आणि काही केल्या निकाल लागत नाही. तेव्हा शंकर चिट्टीची तिसरी आवृत्ती बाहेर काढतो, मूठभर आकाराची. हे चिमुकले चिट्टी कबुतरांच्या पाठीवर बसून येतात. त्यांनी कबुतरांनाच ओलीस धरलं आहे, आणि पक्षीराजन पक्ष्यांना इजा होऊ देणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. एवढा मोठा पक्षी हतबल होतो. रजनीकांत त्या बोटभर देहांतूनही तसाच हसतो, १९७७ सालचं हसू.